तिखटाच्या डब्यातले दोन चमचे

वहिनींच्या हातचं काहीही खाल्लं की ताई म्हणायच्या, "छान झालंय, पण..." या नणंदबाई स्वयंपाकाचे वर्ग घ्यायच्या, चूक सापडल्याशिवाय त्यांना घास पचत नसे. वहिनीही काही कमी नव्हत्या. स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दारामागे त्या प्रत्येक 'पण'ची पेन्सिलीनं एक रेघ ओढायच्या. तीस वर्षांत तीनशे एकेचाळीस रेघा झाल्या होत्या. आज मात्र दालचिनी घातलेला चॉकलेट केक करून 'पण'शिवायचं "छान" वसूल करायचंच, असा त्यांनी विडा उचलला होता.

निमित्त नवऱ्याच्या निवृत्तीचं होतं. पस्तीस वर्षं ग्रंथपाल असलेला माणूस सोमवारपासून घरात बसून होता, आणि नुसतं बसणं त्याच्या रक्तातच नव्हतं.

ताईंचा फोन आला तेव्हा वहिनी पीठ फेटत होत्या. "निघतेय गं! कोको चाळून घेतलास ना? नाहीतर गाठी होतात मागच्यासारख्या."

"घेतला, ताई." फोन कान आणि खांद्यात धरून, नजर घड्याळावर ठेवून वहिनींनी सवयीनं 'तिखट' लिहिलेला डबा ओढला आणि दोन चमचे पूड मिश्रणात घातली. एवढ्या कोकोत तिचा रंग कुठल्या कुठे बुडाला. दोन सणसणीत शिंका आल्या. त्यांचं खापर वहिनींनी उडालेल्या कोकोवर फोडलं.

आता, या घरात 'तिखट'च्या डब्यात दालचिनी, 'चहा'च्या डब्यात कॉफी आणि 'कॉफी'च्या डब्यात बेदाणे असायचे. चिठ्ठ्या निघत नव्हत्या म्हणून तसंच चाललं होतं, आणि सगळ्या नातेवाइकांना ते पाठ होतं.

केक टम्म फुगला. कडेचा चुरा तोंडात टाकून ग्रंथपाल खुर्चीत बसले, उठले, नळाखाली तोंड धरून उभे राहिले.

"अगं, हे काय घातलंस?"

"दालचिनी! नेहमीच्या डब्यातली."

ग्रंथपालांचा चेहरा पडला. "सकाळी मी डबे लावले... ज्या डब्यावर जे लिहिलंय तेच आत. तिखटाच्या डब्यात आता तिखट आहे."

"पस्तीस वर्षं पुस्तकं लावलीत, तेवढ्यानं पोट नाही भरलं?"

"पुस्तकांनी कधी जीभ पोळली नव्हती!"

ताई वीस मिनिटांत येणार होत्या. दुसरा केक होणं शक्य नव्हतं. वहिनींनी पदर खोचला. "रडत काय बसलात? साय फेटा!" आग झाकायला केकवर बोटभर जाड साय चढली, तिच्यावर संत्र्याच्या फोडी, द्राक्षं, पिकलेला पेअर. वरून केक असा साळसूद दिसायला लागला की जणू त्या गावचाच नाही.

ताई आल्या, बसल्या, त्यांनी पहिला घास घेतला. आधी साय लागली. मग चॉकलेट. मग त्यांचे कान हळूहळू लाल झाले. डोळ्यांत पाणी तरळलं. ग्रंथपालांनी हळूच पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. ताईंनी तो बाजूला सारला, संत्र्याची फोड तोंडात टाकली आणि ताटली पुढे केली.

"आणखी एक तुकडा दे."

तो संपला. "छान झालाय," ताई म्हणाल्या. वहिनी श्वास रोखून थांबल्या. पुढे काहीच आलं नाही! तिसरा तुकडा घेताना मात्र ताईंचा आवाज मऊ झाला. "वहिनी, खरं सांग. यात घातलंस काय? वर्गात शिकवेन म्हणते."

ग्रंथपालांनी तोंड उघडलं. वहिनींनी त्यात सायीचा चमचा घातला आणि सरळ, स्वच्छ खरं सांगितलं, "तिखटाच्या डब्यातले दोन चमचे."

"दालचिनी! तरीच एवढी झणझणीत लागतेय. मला नाही माहीत होय तुमचे डबे?" ताई खदखदून हसल्या आणि त्यांनी ते वहीत लिहूनही घेतलं.

आठवड्यानं त्यांचा फोन आला. आवाज खाली आला होता. "केला गं वर्गात तुझा केक. छान झाला, पण... तुझ्यासारखा नाही झाला."

फोन ठेवून वहिनींनी कपाटाचं दार उघडलं. तीनशे बेचाळिसावी रेघ ओढायला त्यांनी पेन्सिल शोधली नाही. ओलं बोट तिखटाच्या डब्यात बुडवलं आणि ती रेघ लालभडक, चांगली वीतभर ओढली.