खेळाच्या तासाचे सर्व विषयांत विलीनीकरण

खेळ ही इतकी महत्त्वाची बाब आहे की ती मुलांच्या हाती सोपवून चालत नाही. मुलांच्या हाती पडलेला खेळ म्हणजे धावाधाव, आरडाओरडा, सोललेले गुडघे आणि शर्टाची तुटलेली बटणं. त्यातून निष्पन्न काहीच होत नाही. मुलं दमतात आणि खूश होतात, एवढंच. (या दोन्हींसाठी प्रगतिपुस्तकात रकाना नाही.) म्हणून जागतिक फुटबॉल स्पर्धा तोंडावर आली, तेव्हा त्या शाळेच्या हेडसरांनी संधीचं सोनं करायचं ठरवलं. स्पर्धेच्या आधाराने प्रत्येक विषय समृद्ध करायचा.

समृद्धीला वेळ लागतो, आणि वेळापत्रक तर गच्च भरलेलं. गणिताचा तास काढता येईना, कारण ते गणित. भाषेचा काढता येईना, कारण ती आपली भाषा. विज्ञानाचा काढला तर देश मागे पडतो. उरला खेळाचा तास. खेळाबद्दल शिकवायचं तर तो खेळाच्याच तासातून घ्यावा, यात न पटण्यासारखं काय आहे? सगळ्या शिक्षकांना ते पटलं. खेळाच्या बाईंना पटायला जरा वेळ लागला.

बाई स्वभावाने मऊ. शिट्टीसुद्धा अशी वाजवायच्या की जणू कुणाची झोपमोड होईल. त्यामुळे स्टाफरूममध्ये त्यांचा तास म्हणजे शेजारणीकडची साखरेची वाटी झाला होता. मागायला संकोच नाही, परत करायची घाई नाही. "बाई, आजचा तुमचा तास घेऊ का हो? पोर्शन राहिलाय," असं म्हणत म्हणत सगळ्या वर्गांचे तास गेले. शुक्रवारचा शेवटचा, सहावी 'ब'चा, तेवढा राहिला होता. त्या वेळी त्या वर्गाला काही शिकवता येत नाही, हा सगळ्यांचाच अनुभव होता.

पण तो एक तास बाई देवघरातल्या दिव्यासारखा जपत. दोन दप्तरं ठेवली की गोल तयार. गोलात उभी राहायची ती 'भिंत'. हे त्या मुलीचं मैदानावरचं नाव. वर्गात ती हजेरीला "हजर" म्हणतानाही जमिनीकडे बघायची. दोन दप्तरांच्या मधे उभी राहिली की मात्र, "ए, डावीकडे कोण आहे? झोपलास का रे?" असं ओरडायची की चौकीदार फाटकातून डोकावून बघायचा. ते ओरडणं ऐकलं की बाईंचा आठवडा सार्थकी लागायचा.

आता तोही जाणार म्हटल्यावर बाई हेडसरांकडे गेल्या.

"अहो, तुम्हाला तर आनंद व्हायला हवा," हेडसर म्हणाले. "अख्खी शाळा तुमच्या विषयाला लागलीय."

"हो सर. पण मग मुलं खेळणार कधी?"

"रोज! सगळे तास खेळच आहे आता. फक्त बसून." बाईंचा चेहरा बघून हेडसर विरघळले. (ते वाईट नव्हते. त्यांना फक्त वरून पत्र आलं होतं.) "बरं, असं करू. स्पर्धा संपली की सगळ्या विषयांची मिळून एक चाचणी घेऊ. निकाल चांगला लागला की उपक्रम सफल, आणि तुमचा शुक्रवार तुम्हाला परत. शब्द देतो."

बाईंनी तो शब्द पदराला बांधला आणि सहावी 'ब'ला सांगितलं, "बाळांनो, आता अभ्यास करा. खेळायचंय ना?"

समृद्धी सुरू झाली.

गणिताच्या सरांनी उदाहरण घातलं. एक खेळाडू चेंडू घेऊन पूर्वेकडे धावत आहे, पंच पूर्वेकडून त्याच वेगाने येत आहे, तर दोघे कुठे भेटतील? (एका मुलाने 'मैदानाबाहेर' असं लिहिलं. रीत दाखवली नाही म्हणून गुण कापले.) भूगोलाच्या सरांनी खेळणाऱ्या प्रत्येक देशाची खनिजं पाठ करून घेतली. मुलं बचावफळीकडे आता जस्त आणि बॉक्साइट अशा नजरेने बघू लागली. इतिहासाच्या बाईंनी उपान्त्य सामन्यातल्या पराभवाची तात्कालिक आणि दूरगामी कारणं लिहून दिली. तात्कालिक कारण म्हणजे गोल झाला, हे मुलांना समजलं. दूरगामी कारणं त्यांनी पाठ केली. विज्ञानात घामाचा अभ्यास झाला. घाम कसा येतो, का येतो, कुठल्या ग्रंथींतून येतो. तो कुणाला येऊ नये म्हणून पंखे लावून घेतले होते. मूल्यशिक्षणाच्या तासाला खिलाडूवृत्ती शिकवली, आणि ज्या मुलांत ती कमी आढळली त्यांना बाकावर उभं केलं.

भाषेच्या बाईंनी दोन निबंध दिले, 'चेंडूचे मनोगत' आणि 'मैदान नसते तर'. दुसरा त्यांनी कल्पनाप्रधान म्हणून दिला होता. वह्या तपासताना मुलांनी फारशी कल्पना लढवल्याचं दिसेना, म्हणून त्यांनी तो वर्णनात्मक गटात हलवला.

वर्णनाला कारण होतं. हस्तकलेच्या सरांनी पुठ्ठ्याचं स्टेडियम करून घेतलं होतं. प्रेक्षकांच्या जागा, जाळी, झेंडे, सगळं हुबेहूब. एवढं मोठं स्टेडियम कुठल्या खोलीत मावेना, तेव्हा ते मैदानात ठेवलं. ठेवल्यावर त्याला धक्का लागू नये म्हणून मैदान बंद केलं. शाळेचा एकमेव चेंडूही शैक्षणिक साधन म्हणून ऑफिसबाहेरच्या काचेच्या कपाटात गेला. येता जाता मुलांना त्याचं निरीक्षण करता यायचं. भिंत एकदा मधल्या सुट्टीत काचेला नाक लावून उभी राहिली, तर तिला आकृती काढायला सांगितली.

"दमलेली दिसतेस," बाईंचे यजमान एका शुक्रवारी म्हणाले. "आज काय खेळलात?"

"बॉक्साइट," बाई म्हणाल्या आणि हात धुवायला गेल्या.

मुलांना स्पर्धा आवडते का, याची मध्यंतरी पाहणी झाली. शंभर टक्के मुलांनी हो म्हटलं. (विचारायला गणिताचे सर गेले होते. पट्टी त्यांच्या हातात असतेच, तिचा पाहणीशी संबंध नाही.)

मग प्रश्नपत्रिका काढायची बैठक झाली. शेवटचा प्रश्न भारदस्त हवा, म्हणून असा ठरला: 'अंतिम सामना कोणत्या संघाने जिंकला? तीन कारणे द्या.' गुण दहा. आता सामना होता रविवारी, चाचणी सोमवारी, आणि आदर्श उत्तरांसह सगळं छापायला द्यायचं होतं बैठकीच्याच दिवशी.

"सर, सामना व्हायचाय अजून," बाई हळूच म्हणाल्या.

"सामना त्याच्या वेळेने होईल. छापखाना थांबत नाही, बाई."

बैठकीने मग विजेता ठरवला. अंतिम फेरीत पिवळा संघ आणि निळा संघ होता. पिवळ्यांचं क्षेत्रफळ जास्त, असं भूगोल म्हणाला. पिवळे पूर्वीही जिंकलेत, असं इतिहास म्हणाला. गणिताने सरासरी काढली. चित्रकलेकडे निळा रंग संपला होता. पिवळे बहुमताने विजयी झाले, कारणं तिथल्या तिथे सुचली, आणि उत्तर पाकिटात बंद झालं. पाकिटातलं फोडायचं नसतं, म्हणून बाईंनी ते वर्गात सांगितलं नाही. रविवारी मात्र त्यांनी देवापुढे जरा जास्त वेळ हात जोडले. पिवळ्यांसाठी.

रविवारी निळे जिंकले.

सोमवारी सहावी 'ब'ने चाचणी दिली. अख्ख्या वर्गाने सामना पाहिला होता, अख्ख्या वर्गाने 'निळे' लिहिलं. भिंतीने तर दोन पुरवण्या जोडल्या. निळ्यांच्या गोलरक्षकाने शेवटचा फटका कसा अडवला, आधी वजन कुठल्या पायावर घेतलं, बघत कुठे होता, सगळं. दहा पैकी शून्य. पूर्ण गुण एकालाच मिळाले. त्याला रविवारी ताप होता, सामना पाहिला नव्हता, आणि वेळ जात नव्हता म्हणून पाठ केलेल्या नोट्सवरून त्याने 'पिवळे' लिहिलं होतं. उपक्रमाचा खरा फायदा त्याला झाला, असं अहवालात लिहिलं आहे.

"सर, मुलांनी खरं तेच लिहिलंय," बाई म्हणाल्या.

"खरं असेल. बरोबर नाही," हेडसर म्हणाले, आणि त्यांनाच वाईट वाटलं. "काय करू, बाई? निकाल घसरला. सहावी 'ब' खेळात कच्ची निघाली. आता कच्च्या मुलांसाठी जादा तास घ्यावा लागणार."

"कधी?"

हेडसरांनी उगाच खिडकीबाहेर पाहिलं. "शुक्रवारी शेवटचा तास मोकळा आहे ना..."

त्या आठवड्यात पालकसभा होती. बाई सभेत कधी बोलत नसत. त्या दिवशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या मुलांनी बरोबर उत्तर लिहिलंय. त्यांचा काही दोष नाही. त्यांचा तास त्यांना परत द्या, एवढंच मागते." आवाज मऊच होता, पण शेवटच्या रांगेपर्यंत पोचला.

सभागृह पेटून उठलं. "अन्याय आहे हा!" "दहा गुण म्हणजे काय थोडे झाले?" "वर्गातला नंबर गेला हो आमचा!" बाईंच्या जिवात जीव आला.

हेडसर उभे राहिले. लोकशाहीवर त्यांची श्रद्धा होती. "दोन मार्ग आहेत," ते म्हणाले. "एक, ते दहा गुण सगळ्यांना देऊन टाकू, पण मग ही चाचणी धरता येणार नाही. दुसरी घ्यावी लागेल, आणि तिची तयारी शुक्रवारी शेवटच्या तासाला, वर्गात, वर्षभर. दोन, गुण आहेत तसे राहू दे, आणि शुक्रवारचा तास मैदानावर. हात वर करा."

कुजबुज झाली. "बाई, राग मानू नका," भिंतीचे वडील म्हणाले. "पोरगी घरी दिवसभर तुमचंच नाव घेते. खेळू दे की तिला. सुट्टीत." शेजारच्या एक आई कळवळून म्हणाल्या, "गेलेले गुण परत येतात का हो? गुडघे काय, जन्मभर आहेतच."

आधी मैदानासाठी हात मागितले. एक हात वर गेला. तो पंखा वाढवा म्हणून होता.

मग गुणांसाठी मागितले. बाई व्यासपीठाच्या कडेला उभ्या होत्या. निदान कोण कोण आहे ते पाहावं, पुढे कधी एकेकाशी बोलता येईल, म्हणून त्यांनी मान उंच करून पाहिलं. पण हात इतके होते की त्यांच्यामागचे चेहरे काही दिसले नाहीत. तेव्हा आपण निर्धास्त असावं. बाईंनी आपल्याला ओळखलेलं नाही.