गंधकाची पुडी

वासंतीताईंना जपानला जाऊन गरम झऱ्यात पाय सोडून बसायचं होतं. त्यासाठी त्या फेब्रुवारी २०२० मध्ये पुण्याहून लेकीकडे, सिडनीतल्या केलीव्हिलला आल्या. तिथून चारुता आणि जावई सलिल त्यांना घेऊन जाणार होते. दरीतून वाहणारी नदी आणि तिच्या दोन्ही काठांवर झऱ्यांचं गाव; तिथली खोलीसुद्धा ठरली होती. मग सीमा बंद झाल्या. जपान राहिलं आणि पुणंही राहिलं. पुढच्या वर्षी जुलैत सिडनीत पुन्हा लॉकडाऊन लागला, तेव्हा वासंतीताईंचा सगळा प्रवास बॅकयार्डातल्या कपड्यांच्या दोरीपर्यंत उरला होता.

म्हणून चारुताने त्याच गावाची ऑनलाइन सफर बुक केली. मिदोरी नावाची गाइड मोबाइल घेऊन गावातून चालणार आणि यांनी घरी बसून बघायचं. तिथल्यासारखं पाणी करायला पोस्टाने एक पुडीही आली होती.

शनिवारी सकाळी, कार्पेट भिजायला नको म्हणून, सगळा थाट कपडे धुवायच्या खोलीत मांडला. वॉशिंग मशीनवर लॅपटॉप, खाली कपडे भिजवायच्या टबात कढत पाणी, आणि खुर्चीवर सलिलचा बाथरोब घातलेल्या वासंतीताई.

"किती घालू गं हे? सगळं जपानीत लिहिलंय."

"घाल थोडंसं."

"उरलेलं ठेवून काय करायचं?" असं म्हणून त्यांनी अख्खी पुडी ओतली.

समोर लाल पूल आला, पुलाखाली खळाळती नदी, काठावरच्या लाकडी घरांमधून निघणारी वाफ. वासंतीताई पुढे सरकल्या. उभी हयात टेलिफोन खात्यात गेल्यामुळे न दिसणाऱ्या माणसाशी बोलायला त्यांना संकोच नव्हता. ही नदी पुढे कुठे जाते? पावसात पूल बुडतो का? आमच्याकडे वज्रेश्वरीलाही अशी कुंडं आहेत, तुमच्याकडे देऊळ कुठे असतं? मिदोरी हसून उत्तरं देत होती. गाव रिकामं होतं. इतकं विचारणारं तिला बऱ्याच दिवसांत कुणी भेटलं नव्हतं.

"आई, वास येतोय गं," चारुता म्हणाली.

"गंधक आहे. येणारच."

"असा? सडक्या अंड्यासारखा?" तिने खिडकी उघडली आणि एक्झॉस्ट फॅन लावला. वास घरातून निघाला आणि थेट कुंपणापलीकडच्या ब्रायनकडे गेला.

एवढ्यात सलिल ऑफिसची मीटिंग संपवून चहाला खाली आला.

"सलिल, किती घाण वास आहे बघ," चारुता म्हणाली.

"कसला?"

"येत नाहीये तुला?"

"नाही. काहीच नाही."

वास जाणं म्हणजे काय, हे त्या दिवसांत लहान पोरांनाही माहीत होतं. सलिलने मास्क चढवला, घशाला हात लावून पाहिला आणि गॅरेजमध्ये जाऊन दार लावून घेतलं.

"चहा तरी घेऊन जा," वासंतीताई मागून म्हणाल्या. पण त्यांचाही चेहरा उतरला होता. पुण्यात वेदच्या, म्हणजे त्यांच्या भाच्याच्या घरी हे असंच सुरू झालं होतं.

तिकडे ब्रायनला गॅस गळतोय अशी खात्री पटली आणि त्याने फोन केला. दहा मिनिटांत लाल बंब दारात उभा. "सगळे बाहेर," ऑफिसर बाई म्हणाली. वासंतीताईंनी ओले पाय स्लीपरमध्ये घातले आणि लॅपटॉप उचलला.

"आई, तो राहू दे."

"ती पोरगी बोलतीये अजून. तिला मध्येच टाकून कसं यायचं?"

सलिल मात्र गॅरेजमधून निघेना. "मी पॉझिटिव्ह असू शकतो," तो आतून ओरडला. हे ऐकून ऑफिसर दोन पावलं मागे झाली, तिची माणसं चार, आणि जमलेला शेजार थेट समोरच्या फुटपाथवर गेला. अखेर सलिलला लॉनच्या दूरच्या कोपऱ्यात एकट्याला उभं केलं. शर्ट इस्त्रीचा, खाली पायजमा.

मीटर घेऊन आत गेलेला माणूस थोड्याच वेळात टब हातात धरून बाहेर आला. "गॅस नाही. हे आहे," म्हणत त्याने टब नेमका सलिलच्या कोपऱ्यात ठेवला. सिडनीतल्या हिवाळ्याने चोंदलेल्या सलिलच्या नाकात वाफ शिरली. त्याला तीन सणसणीत शिंका आल्या. मग त्याने सावकाश श्वास घेतला.

"शी. काय घाणेरडा वास आहे."

चारुताने डोळे मिटले. समोरच्या फुटपाथवर टाळ्या पडल्या. टेस्ट करायला तो त्याच दुपारी गेला. दुसऱ्या दिवशी निगेटिव्हचा मेसेज आला.

पण त्या सकाळी बंब गेल्यावरही लॅपटॉपवरून मिदोरी गेली नव्हती. तारेवरचा तो पांढरा पक्षी कोण, तिने विचारलं. कॉकाटू, ब्रायन लांबून म्हणाला. आणि कचऱ्याच्या डब्यांची झाकणं लाल आणि पिवळी का? यावर ब्रायन बराच वेळ बोलला. तोवर तिच्या मागे दोन खाणावळवाल्या बायका येऊन उभ्या राहिल्या होत्या. पुढच्या शनिवारी तुमचं गाव दाखवाल का, मिदोरीने विचारलं. आमच्याकडेही कुणी येत नाही नि आम्हालाही कुठे जाता येत नाही.

पुढच्या शनिवारी वासंतीताई ठेवणीतली साडी नेसून, मोबाइल पुढे धरून निघाल्या. व्यायामाला परवानगी होतीच. दोन हात अंतर ठेवून ब्रायन बरोबर. स्क्रीनवर अर्धं गाव नदीकाठी झऱ्यात पाय सोडून बसलं होतं.

"ते साल निघालेलं झाड कुठलं?" कुणीतरी विचारलं.

वासंतीताईंनी ब्रायनकडे पाहिलं. वीस वर्षं तो त्याचा पाचोळा झाडत होता.

"काही कल्पना नाही," तो म्हणाला, आणि कोपऱ्यावरच्या घराची बेल वाजवायला गेला. तिथेही माहीत नव्हतं. ते पलीकडे विचारायला गेले. रस्त्यावर एकेक दार उघडत गेलं, आणि जपानमधली मंडळी उत्तराची वाट बघत निवांत पाण्यात बसून राहिली.