पुंजाजींची देखरेख

पुंजाजी मोटरमधून उतरायच्या आधी त्यांचा वास उतरायचा. वास हिंगाचा. फोडणीत चिमूटभर पडतो तो वास वेगळा आणि अठरा वर्षं हिंगाचे खडे फोडणाऱ्या माणसाच्या अंगाचा वेगळा. रिसोडच्या मोटरस्टँडवरचा पानवाला नाक वर करून सांगायचा, "मॅनेजर आले. मोटर आजून पुलावर हाये, पन मॅनेजर आले."

मी वाशीमला एका किराण्याच्या पेढीवर दिवाणजी होतो, म्हणजे जमाखर्च लिहीत होतो. पुंजाजी त्याच पेढीवर हिंग-मसाल्याच्या बाजूला बसत. घरालाही आम्ही शेजारी, मध्ये एक कुडाची भिंत. त्यामुळे मी जे सांगतो आहे ते दोन्ही अंगांनी तपासलेलं आहे.

पेढीची पाच दुकानं होती: वाशीम, रिसोड, केनवड, मंगरूळ आणि मानोरा. आमचे शेठजी एकदा नागपूरला लग्नाला गेले आणि तिथल्या कुणा व्याह्याच्या दुकानात त्यांनी मॅनेजर नावाचा माणूस पाहिला. तो काही करत नव्हता, नुसता पाहत होता, आणि दुकान चालत होतं. शेठजींना ही गोष्ट फार आवडली. परत येऊन त्यांनी पेढीवरची सगळी माणसं नजरेखालून घातली आणि पुंजाजींवर बोट ठेवलं. "इतकी वर्सं हिंग याच्या हातात," शेठजी म्हणाले, "पन एक खडा खिशात नाही गेला. येच आपला मॅनेजर."

दुसऱ्या दिवशी पुंजाजींना खुर्ची मिळाली. काळा कोट त्यांनी एका म्हाताऱ्या वकिलाकडून जुना घेतला. वकील अंगानं पुंजाजींच्या दीडपट होता, म्हणून कोटात पुंजाजी कुठेतरी मध्यावर असत. छत्री त्यांची स्वतःची होती. आणि एक शब्द त्यांना सापडला, तो म्हणजे देखरेख.

एकदा आमच्या अंगणात ही पापड तळत होती. पुंजाजी कुडाला टेकून उभे.

"वहिनी, तेल जास्त तापून राह्यलं."

"मंग या, तळा."

"मी तळत नाई बाप्पा आता. मी देखरेख करतो."

गल्लीत कोणी वारलं तरी पुंजाजी छत्री घेऊन हजर. चार माणसं तिरडी बांधताहेत आणि हे बाजूला उभे राहून सांगताहेत, "दोर इकडून घ्या. नाई नाई, गाठ पायाकडं पाह्यजे." एकदा मयताच्या थोरल्या मुलानं वैतागून गाडगं त्यांच्याच हातात दिलं. तेव्हा मात्र त्यांनी स्मशानापर्यंत तोंड उघडलं नाही.

मॅनेजरचं मुख्य काम म्हणजे पाचही दुकानांवर अचानक जाणं. न कळवता जायचं, गल्ल्यावर कोण झोपलं आहे, कोण पत्ते कुटतो आहे, कोण काजू तोंडात टाकतो आहे ते पकडायचं, आणि शेठजींना सांगायचं. पण हिंग अचानक जाऊ शकत नाही. पुंजाजी दुकानाच्या पायरीवर पाय ठेवेपर्यंत पत्ते पोत्याखाली, काजू पोटात आणि माणसं जागी. मग पुंजाजी छत्री मिटून एक फेरी मारत आणि शेठजींसाठी एकच वाक्य घेऊन परत येत: "सर्व ठीक. देखरेख केली."

शेठजींनी हे वाक्य वर्षभर ऐकलं. मग एक दिवस ते गादीवर उठून बसले. "पाचही दुकानांत सर्व ठीक? अरे पुंजाजी, असं तं रामराज्यात पन नव्हतं."

"काय करू शेठजी. वास येते मले."

"तो धू ना मग."

धुवायला पुंजाजींनी कसर ठेवली नाही. शिकेकाई झाली, बेसन झालं, लिंबाच्या फोडी झाल्या, मुलतानी माती झाली. आणि हे सगळं ते घराच्या मोरीत नव्हे, रस्त्यावरच्या विहिरीवर करत. येणारा-जाणारा थांबून सल्ला देई. कोणीतरी गुलाबाचं अत्तर लावायला सांगितलं. त्या दिवशी मंगरूळच्या मोटरमध्ये एका बाईनं विचारलं म्हणे, की गुलकंदाला फोडणी कोणी दिली.

शेठजी हसले नाहीत. ते म्हणाले, "दिवाळीपर्यंत एक तरी चोर दाखव. नाही तर ऊठ खुर्चीवरून आणि बस परत हिंगावर."

हे पुंजाजींना लागलं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलती एक मुलगी हिंगोलीकडे दिलेली. तिचा सासरा जरा ताठ माणूस. "पहिले गेलो तं मले ओसरीत पोत्यावर बसवत," पुंजाजींनी मला एकदा सांगितलं होतं. "आता खुर्ची काढतात. या मॅनेजर, म्हनतात. पोरीच्या तोंडावर पाहाचं तेव्हा, दिवाणजी. ताटात भाकर वाढते तं दोन जास्त वाढते." खुर्ची वाशीमची गेली की हिंगोलीची जाणार, हा हिशेब मलाही कळत होता.

आणि दुसऱ्या बाजूला त्या खुर्चीनं त्यांना मिळवून काय दिलं होतं? पूर्वी दुपारी पेढीवरची माणसं पोत्यांच्या आडोशाला गोल करून जेवायला बसत. पुंजाजींच्या भाकरीलाही हिंगाचा वास येतो म्हणून थट्टा चाले, आणि त्यांच्याच ठेच्याची वाटी सगळ्यांत आधी रिकामी होई. कोट आल्यापासून पुंजाजी जवळ गेले की गोल गप्प होई. चार-सहा दिवस त्यांनी पाहिलं. मग ते मोटरस्टँडवर जाऊन, बाकावर छत्री शेजारी ठेवून, एकटेच भाकरी खाऊ लागले.

दिवाळी जवळ आली. मानोऱ्याच्या दुकानाचा जमाखर्च पाहायला मला जायचं होतं, म्हणून आम्ही एकाच मोटरनं निघालो. मी त्यांच्या शेजारी बसलो, दोन पेरू खाल्ले, आणि उतरताना माझ्या लक्षात आलं की पेरूला पेरूचाच वास आला. शिकेकाईनं शेवटी गुण दिला, असं मी मनात म्हटलं.

मानोऱ्याच्या दुकानात शेठजींच्या साडूचा मुलगा बसत असे. त्याचं नाव दलपत. बाजाराचा दिवस होता. तांड्यावरच्या बाया मीठ-गूळ न्यायला आल्या होत्या. दलपत तागडी धरून गूळ जोखत होता आणि आम्ही पायरी चढलो तरी त्याला पत्ता नव्हता. पुंजाजी थेट आत गेले. त्यांनी गुळाचं पारडं हातात घेतलं आणि उलटं केलं. खाली चिंचेचा गोळा चिकटवलेला होता, चांगला लिंबाएवढा.

"हे काय हाये?"

"चिंच," दलपत म्हणाला. दुसरं काय म्हणणार.

"चिंच थ्या पोत्यात असते. पारड्याखाली कायले ठेवली?"

रांगेतली पहिली बाई पदर कमरेला खोचत पुढे आली. "मी कईची म्हनून राह्यली का घरी गूळ कमी भरते. तं माहा नवरा म्हने, तूच रस्त्यानं खात असशीन."

रांग हसली. पुंजाजी हसले नाहीत. त्यांनी कोट काढून खिळ्याला टांगला, चिंच खरवडली, पारडं धोतरानं पुसलं आणि त्या बाईचा गूळ पुन्हा जोखला. मग तिच्या मागचीचा, मग तिच्या मागचीचा, रांग संपेपर्यंत. त्या दिवशी देखरेख कोणीच केली नाही.

शेठजींना बातमी सांगितली तेव्हा त्यांनी चोराचं नाव दोनदा विचारून घेतलं. चोर त्यांनीच मागितला होता, पण तो दुसऱ्या कुणाच्या साडूचा असेल अशी त्यांची कल्पना होती. शेवटी दलपतला त्याच्या बापाकडे परत धाडलं आणि पुंजाजींना मॅनेजर म्हणून कायम केलं. शेठाणींनी मात्र त्यापुढे पुंजाजींच्या नमस्काराला मान हलवली नाही.

दिवाळीनंतर आम्ही दोघं रिसोडला निघालो. गावाच्या अलीकडे ओढ्यापाशी मोटर गरम झाली. ड्रायव्हर डबा घेऊन पाणी आणायला गेला. पाय मोकळे करायला मी उतरलो आणि बाभळीच्या पलीकडे गेलो, तर तिथे पुंजाजी. टोपी काढून गुडघ्यावर ठेवलेली. हातात तपकिरीची असते तशी लहानशी डबी. डबीतून चिमूट घेऊन ते टोपीच्या आतून चोळत होते. टोपी झाली, मग कोटाची कॉलर झाली. वारा माझ्याकडे होता. काय चोळताहेत ते विचारायची गरज नव्हती.

त्यांनी मला पाहिलं. "रोख घेतला हाये, दिवाणजी. आपल्याच दुकानातून."

"किती दिवसांपासून?"

"अंगचा वास तं खुर्ची भेटल्यावर दोन महिन्यांतच गेला होता." त्यांनी डबीचं झाकण लावलं. "मी म्हनलं, आता कसं कराव."

"आणि विहिरीवरची ती शिकेकाई?"

"थे शेठजीसाठी."

मी तिथेच मागचा हिशेब जुळवला. गेल्या वर्षभरात सुटीच्या दिवशी कुडाच्या पलीकडून हिंगाचा वास कधी आला नव्हता. तो फक्त फिरतीच्या दिवशी येत होता. आणि मानोऱ्याला जाताना आला नव्हता.

"मानोऱ्याच्या गोष्टी माह्या कानावर आल्या होत्या," पुंजाजी म्हणाले. "गरिबाच्या गुळात चिंच. थितं मी आंग घासून गेलो. पन इथं? रिसोडच्या दुकानातला हा किसन दुपारी साखरेच्या पोत्यावर झोपते. काहून झोपते? पोरगं दम्याचं हाये, रातभर खांद्यावर घेऊन बसते त्याले. झोपू द्या ना. मी आलो का उठून बसाचं, एवढंच."

"ते हसतात तुम्हाला, पुंजाजी. पाचही दुकानांत हसतात."

ते टोपी नीट बसवत होते. "पहिले संगं जेवत होतो, तवाबी हासतच होते," ते म्हणाले.

ड्रायव्हरनं हॉर्न दिला.

रिसोडला पानवाल्यानं नाक वर केलं. दुकानात किसन ताठ उभा होता, गल्ला पुसलेला, तागडी सरळ. "या मॅनेजर साहेब." त्याच्या एका गालावर गोणपाटाची जाळी उमटलेली होती, अगदी शिवणीसकट. पुंजाजींनी मिठाची कोठी पाहिली, डाळी पाहिल्या, किसनचा गाल पाहिला आणि म्हणाले, "सर्व ठीक."

आम्ही पायरी उतरलो आणि आत हसणं सुरू झालं. कोणीतरी नाक धरून बोलल्याचा आवाजही काढला. पुंजाजी शेवटच्या पायरीवर थांबले. छत्री उघडायला त्यांनी उगाच वेळ लावला. ऊन फारसं नव्हतं. आतलं हसणं पुरतं थांबलं तेव्हा त्यांनी छत्री उघडली आणि चालू लागले. त्या दुपारी मोटरस्टँडच्या बाकावर मी माझाही डबा सोडला. ठेचा खरंच चांगला होता.

संध्याकाळी वाशीमला शेठजींनी मला जवळ बोलावलं. "दिवाणजी, तुम्ही संगं होते. खरं सांगा. मानोऱ्याला जमलं, मग बाकी ठिकाणी काहून नाही जमत? वास गेला का नाही त्याचा?"

मी आयुष्यात चुकीची नोंद केलेली नाही. उत्तर द्यायच्या आधी मी ते वाक्य मनात एकदा वरून खाली आणि एकदा खालून वर तपासलं. पलीकडे पुंजाजी खुर्चीवर बसून टोपी झटकत होते.

"नाही गेला, शेठजी," मी म्हणालो. "आत्ताही येतो आहे."