मल्लापूरचा पळणारा गुंडाप्पा

एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. बायकोलाही नाही. दूध सोसायटीचा सेक्रेटरी असताना, चांगला मिशीवाला बाप्या झाल्यावर, मी एका माणसाचं धोतर दोन्ही हातांनी धरून हमसून हमसून रडलो होतो. त्या माणसाचं नाव गुंडाप्पा. आणि गुंडाप्पा आमच्या अख्ख्या डोंगरपट्ट्यात भित्रा म्हणून प्रसिद्ध होता.

प्रसिद्धीचं कारण उघड होतं. गुंडाप्पा कधी चालत नसे. पळत असे. लग्नात वाढायला घेतला तर बुंदीची परात घेऊन पंगतीतून असा सुटायचा, की ज्याला बुंदी हवी त्यानं आधीपासून हात पुढं करून बसावं. मयतीतसुद्धा तो पुढच्या वळणापर्यंत पळत जाई आणि मंडळी येईपर्यंत तिथं थांबून रडून घेई. काटकुळा माणूस, गुडघ्यापर्यंत धोतर, कपाळावरची विभूती घामानं भुवयांत उतरलेली. "जरा चालत जा की हो," असं कुणी म्हटलं की त्याचं उत्तर ठरलेलं: "चालनं लई वंगाळ. चालताना मान्सू इचार करतंय. अन इचार केला की गाठतंय."

काय गाठतंय, ते तो सांगत नसे.

तो राहायचा वर मल्लापुरात, बालाघाटाच्या माथ्यावर. पडक्या गढीचं गाव. गढीचा एक बुरूज उभा, बाकीचे लोकांच्या घरांच्या भिंतींत गेलेले. गावाच्या तोंडाशी जुनी बारव, खोल, पायऱ्या झिजलेल्या, कठडा कधीच कोसळलेला. आमची सोसायटी पायथ्याच्या गावात. मल्लापूरचं दूध कॅनमध्ये घालून, कॅन पाठीला बांधून, गुंडाप्पा रोज सकाळी डोंगर उतरे. अर्थातच पळत. खाली येण्याच्या दोन वाटा. एक लेण्यांवरून वळसा घालून जाणारी, लांब पण उघडी. दुसरी खिंडीची, जवळची. खिंडीतून तो सहसा येत नसे. भित्राच तो, असं आम्ही म्हणायचो.

बहात्तरच्या दुष्काळातून जरा सावरतो न सावरतो तोच पावसानं पुन्हा ओढ दिली होती. जनावरं कडब्याच्या काडीवर आलेली. अशात मल्लापूरच्या दुधाची फॅट एकाएकी घसरली. चेअरमन खवळले. "वरचे लोक साय काढून दूध पाठवतात. बंद करा त्यांचं!" बंद म्हणजे त्या गावात येणारा तेवढाही पैसा बंद. खरं कारण मला पुढं कळलं. पाठीवरचा कॅन वाटभर हिंदकळे, दूध घुसळलं जाई आणि वर लोण्याच्या गोळ्या तरंगत. आमचा नवा तपासनीस त्या कचरा समजून पळीनं काढून टाकी आणि खालच्या दुधाची फॅट मोजी. शेवटी सोसायटीनं कॅनसाठी एक गाढव दिलं. मग दूध गाढवावर आणि गुंडाप्पा गाढवाच्या पुढं पळत, असा तो थाट झाला.

पण हे कळायच्या आधी चेअरमननी मला फर्मावलं, "वर जा. मुक्काम करा. धार काढताना स्वतः उभे राहा." त्या दिवशी गुंडाप्पा पेंडीचं पोतं न्यायला दुपारीच पुन्हा खाली आला होता. त्याच्याबरोबर जायचं ठरलं. मी चेअरमनच्या चहाला थांबलो, चहाचं बोलणं झालं, बोलण्याचं पान झालं. बाहेर गुंडाप्पा अंगणात जागच्या जागी पळत होता.

"सायेब, उन्हं कलली."

"आलोच हो."

"दिवे लागायच्या आत घर गाठाया पायजे."

निघालो तेव्हा लेण्यांची वाट धरण्याइतका उजेड उरला नव्हता. पोतं त्यानं सोसायटीतच ठेवलं, तोंडातल्या तोंडात "शिवा, शिवा" म्हणाला आणि खिंडीकडं वळला.

मी सपाटीवरचा माणूस. त्याच्यामागं माझा भाता फुलला. तो पुढं पळे, परत माझ्याकडं पळत येई, पुन्हा पुढं. अशा एका खेपेत मी धापा टाकत विचारलं, "गुंडाप्पा, एवढी कसली भीती हो तुम्हाला?"

"मला न्हाय. अव्वाला." आईला तो कानडीत अव्वा म्हणे. "रझाकारीत बाप माजा बारवंवर पान्याला गेल्ता. चालत गेला. घागर घावली, त्यो घावला न्हाय. अव्वा म्हनती, पळाला असता तर वाचला असता. तवाधरनं मला म्हनती, गुंड्या, उंबऱ्याभाईर पाय टाकला की पळ. कोन बी तिला सांगतंय ना, आज गुंड्या चालत हुता म्हनून. मग जेवत न्हाय ती."

"आणि दिवे लागायच्या आत नाही पोचलात तर?"

"हुडकाया निघती. डोळ्यानं दिसत न्हाय तिला. काठी टेकत सरळ बारवंकडंच जाती, बापाला हुडकल्यागत. अन बारवंला कठडा हाय का?"

एवढं बोलून तो पुढं पळाला. मला चेअरमनकडचा चहा आठवला आणि मी पाय उचलले.

खिंड म्हणजे दोन्ही अंगांना उभा कातळ आणि मधे बैलगाडी कशीबशी जाईल एवढी फट. आत शिरताच उजेड निम्मा झाला. वरच्या कातळावर काहीतरी उभं होतं.

"कुत्रं आहे," मी म्हणालो.

"कुत्र्याला मालक असतंय, सायेब."

तेवढ्यात त्याच्या शेजारी दुसरं आलं. मागं वळून पाहिलं तर ज्या वाटेनं आम्ही आलो त्या वाटेवर तिसरं. चारा नाही म्हणून धनगर मेंढरं घेऊन खाली उतरले होते. लांडगे मागं राहिले होते, उपाशी.

मी पळालो.

"पळू नगा!" गुंडाप्पा ओरडला. "सायेब, आता पळायचं न्हाय!"

तोवर मी ठेचकाळून पडलो होतो. गुडघा फुटला. वळून पाहिलं तर मागचा लांडगा जवळ येतच होता. त्याच्या पावलांचा आवाज येत नव्हता, एवढाच काय तो दिलासा, आणि तीच सगळ्यांत मोठी भीती. गुंडाप्पा माझ्याजवळ आला आणि मी त्याचं धोतर धरलं. "मला सोडून जाऊ नका हो," एवढंच मी पुन्हा पुन्हा म्हणत होतो. लहान मुलासारखा.

त्यानं खिंडीच्या तोंडाकडं पाहिलं. तिथून वर गाव दिसतं. गढीच्या बुरुजाखाली एक दिवा लागला होता.

"पळालो तर अव्वा वाचती," तो स्वतःशीच म्हणाला, "अन तुमाला हे खातेत."

मग त्यानं मला उठवलं, माझा हात काखेत घेतला आणि तो चालू लागला.

त्याला चालता येत नव्हतं. खरंच येत नव्हतं. पाय जास्तच उचलून पडे, मधेच झेप घ्यायला निघे, की गुंडाप्पा तो आवरून धरी. आणि त्या लांडग्यांशी तो कानडीत बोलत होता, दारात आलेल्या पाहुण्याची समजूत काढावी तसा: "होगप्पा, होग." जा बाबा, जा. ते जात नव्हते. आम्ही एक पाऊल टाकलं की तेही टाकत. त्याच्या काखेतून त्याचं काळीज माझ्या मनगटावर आदळत होतं. एकदाही त्यानं हात सैल केला नाही. खिंड संपली, मोकळं रान आलं, कुत्र्यांचं भुंकणं ऐकू आलं, तेव्हा ते मागं गळाले.

पुढं अंधारात काठीचा आवाज येत होता. टक. टक. बारवेच्या बाजूनं.

"अव्वा!" गुंडाप्पानं हात सोडला आणि असा पळाला, की मी तसं पळताना कुणाला पाहिलेलं नाही. मी जागीच उभा. टक. टक. मग आवाज थांबला. पुढं काय ऐकू येईल या भीतीनं मी कानांवर हात ठेवले.

लंगडत बारवेजवळच्या पारापाशी पोचलो तेव्हा कंदील घेऊन माणसं जमली होती. गुंडाप्पा आईला धरून बसला होता आणि म्हातारी त्याच्या तोंडावरून हात फिरवत होती.

"पळत आलास न्हवं?"

"पळतच आलो, अव्वा."

"चालला न्हाईस न्हवं?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं. एक म्हातारा मला विचारत होता, "शेकरेटरी, तुमी असं मागनं एकलंच?" सगळे माझ्याकडं बघत होते. फाटकी पँट, रडून सुजलेले डोळे.

मी म्हणालो, "चालतोय कशाला! लांडगा दिसला आणि मला टाकून पळाला हा."

पारावर हशा उसळला. म्हातारीही हसली. "शाणं हाय माजं लेकरू," म्हणाली.

"व्हय की," गुंडाप्पा म्हणाला. "लई भ्यालो बगा."

सकाळी धार बघायला गेलो तेव्हा मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. त्यानं ते बंद केलं. "ऱ्हाऊ द्या, सायेब. राती अव्वा पैल्यांदाच कडी न लावता झोपली."

त्याच्यापुरतं ते ठीक असेल. पण मी काही त्याच्या आईच्या झोपेसाठी खोटं बोललो नव्हतो. मी माझ्या सुजलेल्या डोळ्यांसाठी बोललो होतो. त्यानंतर तो गाढवापुढं पळत निघाला, की पोरं मागनं लांडग्यासारखी ऊ-ऊ करत. सोसायटीच्या सभेत चेअरमननी तो किस्सा रंगवून सांगितला. सगळे हसले. मीही हसलो.

पुढं म्हातारी गेली. दिवस घातल्यावर गुंडाप्पा पुन्हा दूध घेऊन आला, तो गाढवाच्या बाजूनं, चालत. चाल अजूनही बेंगरूळच होती. तपासनीस म्हणाला, "काय गुंडाप्पा, भेव सरलं का?"

"आता घाई कुनाला हाय," तो म्हणाला आणि कॅन उतरवू लागला.

माझी बदली झाली. गप्प राहण्याचं कारण त्या म्हातारीबरोबर संपलं होतं, तरी मी गप्पच राहिलो. गुंडाप्पा अजून मल्लापुरात आहे, एकटा, आणि माणसाला टाकून पळालेला म्हणूनच त्याची ओळख आहे. त्या पारावर उभं राहून, त्याच्या देखत, तो त्या संध्याकाळी चालत होता आणि रडत होतो तो मी, हे मोठ्यानं सांगणं माझ्याकडं अजून बाकी आहे.