वसमतचं मशीन ऐकेना

सर्व्हरच्या खोलीत जायचं म्हणून रत्नपाल खिल्लारेनं बूट काढले, तेव्हा डाव्या मोज्यातून अंगठा बाहेर आलेला दिसला. बुधवारी नांदेडहून निघताना मोजा धड होता. आज शनिवार होता.

एका बियाणे संस्थेचे दोन नवे सर्व्हर बसवायचं काम त्याच्या कंपनीनं घेतलं होतं. एक हिंगोलीच्या मुख्य कचेरीत, एक वसमतच्या शाखेत. हिंगोलीला संतोष राठोड होता, वसमतला रत्नपाल. सोमवारी चाळीस गावांच्या सभासदांची नोंदणी या मशीनवर सुरू व्हायची होती. दोन हजार आठ सालातली ही गोष्ट.

रत्नपालचं एकच काम उरलं होतं. मशीनमध्ये एक छोटं कार्ड होतं. त्या कार्डाला स्वतःचा वेगळा पत्ता होता. तो पत्ता कॉम्प्युटरवर टाकला की दुसऱ्या गावात बसूनही मशीन बंद-चालू करता येई, आतल्या डिस्का धड आहेत का ते पाहता येई. हे एकदा चाललं की रत्नपालला एसटीनं वसमतला यायची गरज उरणार नव्हती. त्यामुळं इतक्या मनापासून त्यानं आजवर एकही कार्ड बसवलं नव्हतं.

डायरीतला पत्ता बघून त्यानं बाहेरच्या टेबलावरच्या लॅपटॉपवर टाकला. पान उघडलं. 'रीस्टार्ट' दाबलं आणि तो खोलीकडं निघाला.

खोलीची किल्ली रुख्मिणीबाईंच्या कमरेला होती. त्या इथल्या शिपाई. कचेरीतला एकमेव एसी त्या खोलीत असल्यामुळं त्या तिला देवघरासारखं जपत.

"बूट काढा," त्या म्हणाल्या.

"मावशी, सकाळधरून चार वेळा काढले."

"मग पाचव्यांदा काढायला काय तकलीफ हाय?"

आत सर्व्हर शांतपणे घुमत होता. बंद होऊन चालू झाल्याची कुठलीच खूण नव्हती. रत्नपाल बाहेर आला तोच मोबाइल वाजला. हिंगोलीहून संतोष होता.

"रत्नपालदादा, माझं मशीन आपोआप बंद पडून चालू झालं! सकाळी एक डिस्क खराब निघाली म्हणून नवी टाकली होती. रिबिल्ड बारा टक्क्यांवर आलतं, ते परत शून्यावर गेलं."

रिबिल्डमध्ये नवी डिस्क बाकीच्या डिस्कांवरून माहिती घेऊन स्वतःला भरत जाते. याला पाच तास लागत, आणि या मशीनचा स्वभाव असा की मध्ये बंद पडलं की पुन्हा पहिल्यापासून.

"यूपीएस बघ," रत्नपाल म्हणाला. "तिथला यूपीएस जुना हाय."

"बघतो. दादा, मला साडेपाचला तांड्यावर पोचायचं हाय. आज साखरपुडा हाय माझा, ध्यानात हाय ना?"

"हाय रे. होईल."

संतोषचा तांडा कनेरगाव नाक्याच्या पलीकडं होता. साखरपुड्याचं आवतण रत्नपाललाही होतं, पण आपण वेळेत निघू अशी आशा त्यानं गुरुवारीच सोडली होती.

त्यानं पुन्हा 'रीस्टार्ट' दाबलं. पुन्हा किल्ली, पुन्हा बूट. सर्व्हर आपला घुमतोच आहे.

"ते तर बराबर चालू हाय," दारातून रुख्मिणीबाई म्हणाल्या. "चालू मशीन तुमी काहून बंद पाडून राहिले?"

"बंद पडतंय का, तेच बघायचं हाय."

रुख्मिणीबाईंनी त्याच्याकडं एकदा पाहिलं आणि कुलूप लावलं.

फोन वाजला. "दादा, यूपीएस बदलला, तरी परत बंद पडलं. मी आता सरळ भिंतीतल्या बोर्डाला लावतो."

"लाव," रत्नपाल म्हणाला. त्याचं लक्ष लॅपटॉपकडं होतं. पानावर दुसऱ्या डिस्कपुढं पिवळा त्रिकोण आला होता. म्हणजे डिस्क खराब. म्हणूनच मशीन ऐकत नसणार! चार दिवसांत शिणलेल्या डोक्याला कारण सापडलं याचंच एवढं समाधान झालं की, खोलीत तिन्ही डिस्कांचे हिरवे दिवे लागलेले आपण दोनदा पाहिलेत, हे त्याला आठवलंच नाही.

बॅगेतली जादा डिस्क घेऊन तो आत गेला आणि दुसरी, चांगली धडधाकट डिस्क त्यानं उपसली. मशीनच्या भोंग्यानं टाहो फोडला.

"अगं बाई! हे काहून रडून राहिलं?"

"डिस्क बदलतोय. होईल गप." त्यानं नवी डिस्क आत सरकवली. मशीन गप झालं नाही.

बाहेर येऊन पाहतो तर पानावर लिहिलेलं : 'रिबिल्ड चालू, नऊ टक्के'. दोन मिनिटांत नऊ टक्के! कंपनीचा माल एवढा चांगला असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

अडीच वाजता नांदेडहून साहेबांचा फोन आला. "खिल्लारे, कार्डाची चाचणी झाली का?"

"साहेब, मशीन ऐकत नाही. आणि रिबिल्ड चालू आहे."

"त्याच्यात सक्तीनं बंद करायचं बटण असतं. ते दाबा. रिबिल्ड होत राहील. मला आज चाचणीचा भरलेला फॉर्म पाहिजे."

रत्नपालनं सक्तीनं बंद केलं आणि चालू केलं. खोलीत मशीन रडतच होतं. फोनवर आता संतोषही रडायच्या बेतात होता.

"पंचेचाळीसवर गेलतं दादा! परत शून्य! बापानं पाहुण्यांना साडेपाचचं सांगितलंय. मी काय तोंड दाखवू?"

"संतोष, धीर धर. माझीबी डिस्क गेली बघ."

"तुमचीबी?"

एका कंपनीचे दोघं जण दोन गावांत बसून एकमेकांना धीर देऊ लागले. चारच्या सुमाराला संतोषनं पुन्हा फोन केला. आता त्याच्या आवाजात राग-बिग काही उरलं नव्हतं.

"दादा, एकतीस टक्के झालं."

"माझंबी एकतीस."

"आता बत्तीस."

रत्नपालनं लॅपटॉपकडं पाहिलं. "माझंबी बत्तीस," तो हळूच म्हणाला. अडीच वाजता स्वतः मशीन बंद केलेलं असूनही खोलीतलं रडणं एक क्षणही थांबलं नव्हतं, हे आता कुठं त्याच्या ध्यानात आलं. त्यानं डायरी ओढली. त्याच्याच अक्षरात, बुधवारी एसटीत गुडघ्यावर डायरी ठेवून लिहिलेले दोन पत्ते होते. हिंगोलीच्या पत्त्याच्या शेवटी बारा, वसमतच्या शेवटी एकवीस. त्यानं लॅपटॉपवर पाहिलं. शेवटी बारा होतं. दोन्ही कार्डांना पासवर्ड मात्र एकच ठेवलेला, म्हणून चुकीचं पानही बिनतक्रार उघडलं होतं. दोन पासवर्ड लक्षात ठेवायची ताकद त्याच्यात तेव्हाही नव्हती.

मशीन हुडकायला सोपं जावं म्हणून पानावर दिवा लावायचं एक बटण होतं. रत्नपालनं ते दाबलं.

"संतोष, मशीनच्या तोंडावर निळा दिवा लागला का?"

"व्हय! फडफडून राहिला. तुमाला कसं कळलं?"

सकाळपासून संतोषचं मशीन आपणच तीनदा पाडलं, हे सांगायला रत्नपालनं तोंड उघडलं, पण संतोष त्याच्या आधी ओरडला.

"म्हणजे तुमाला वसमतहून माझं मशीन दिसतंय? मग ते भरेपर्यंत तुमीच लक्ष ठेवा की दादा! मी निघतो. नाक्याची जीप आत्ता भेटंल!"

"अरे पण ऐक—"

फोन बंद झाला होता.

रत्नपाल बसून राहिला. पाच वाजता कचेरी सुटली, पण रुख्मिणीबाई किल्लीसाठी थांबल्या. त्यांनी चहा आणून त्याच्यापुढं ठेवला. आत मशीन रडत होतं. आता दोघांनाही ते ऐकू येईनासं झालं होतं.

"काय बघत बसले एवढं?"

"दुसऱ्याचं मशीन, मावशी. मी दिवसभर तेच पाडून राहिलो होतो."

"अन् आपलं?"

"आपलं चांगलं होतं. ते मी हातानं बिघडवलं."

रुख्मिणीबाईंनी कप त्याच्याकडं सरकवला. "चहा गार होईल," त्या म्हणाल्या.

सहा वाजता रत्नपालनं फोन लावला. पलीकडं बायकांचा गलका आणि ताटांचा आवाज होता.

"पोचलो दादा, वेळेवर! बापू म्हणतेत, तुमच्यामुळं इज्जत राहिली."

"संतोष, नीट ऐक. सकाळपासून तुझं मशीन मीच बंद करत होतो. पत्ता चुकला माझा. तिन्ही वेळा मीच."

पलीकडं गलका चालूच होता. त्यातून संतोषचा आवाज आला, अगदी हळू आणि फार आदबीनं.

"दादा, मी कपाळाला कुंकू लावून बसलोय. सासरा बाजूलाच हाय. शिव्या सोमवारी देतो."

रत्नपालनं फोन ठेवला. एकाहत्तर टक्के झाले होते. त्यानं माऊस हळूच उचलून रुख्मिणीबाईंच्या हातात दिला आणि म्हणाला, "मावशी, हा जरा कुलपात ठेवा."