शेमसची उत्तरेकडची भिंत

शेमस रोज सकाळी घराच्या भिंतीला तळहात लावून बघतो, तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा. मग कुंपणापलीकडून मला निकाल देतो, "ग्रँड!" म्हणजे भिंत बरी आहे. उरलेल्या जगाचं काही का होईना.

आयर्लंडमधल्या नास गावाच्या बाहेर, शेतांच्या कडेला माझ्या मुलाचं घर आहे. त्याच्या शेजारी शेमसचं, पणजोबांच्याही आधीचं. दगडी. हातभर जाड भिंती, सांध्यांत चुना. खिडकीच्या कोनाड्यात दोघं आरामात बसतील; शेमस एकटाच बसतो, तोही एका कडेला.

"चुना श्वास घेतो, मिसेस." पाऊस पितो, वाऱ्यात सोडून देतो. "आणि सिमेंट? भिंतीच्या नाकावर उशी!" आता आम्हा दोघांचेही गुडघे गेलेत, तरी हे व्याख्यान उभ्यानेच ऐकावं लागतं.

पंधरा वर्षांपूर्वी ऐकलं असतं तर! नातीच्या जन्मासाठी मी तेव्हा पहिल्यांदा इथे आले होते. नाशिकला एक बंगला बांधून घेतलेला, म्हणून स्वतःला अर्धी इंजिनिअर समजायचे. गवंड्यावर ओरडता आलं की बांधकाम कळतं, अशी बाईसाहेबांची समजूत. शेमसच्या उत्तरेकडच्या भिंतीवर चुन्याचं एक ओबडधोबड ठिगळ होतं, ते फार डोळ्यांत खुपायचं. एका रविवारी तो चर्चला गेला आणि मी गॅरेजमधलं उरलेलं सिमेंट कालवून ते लिंपून टाकलं. थापीने गुळगुळीत. वर कौतुकाची वाट बघत उभी!

शेमस आला. भिंतीकडे बघत राहिला. "थँक्स, मिसेस," म्हणाला आणि घरातून चहाचा चमचा घेऊन आला. ओलं सिमेंट खरवडत दुपारभर बसला.

"विक्षिप्त आहे तुझा शेजारी," मी मुलाला म्हटलं. "वर कृतघ्न!"

परवा शेमसला खाली बसवेना, म्हणून त्याच भिंतीची एक भेग चुन्याने भरायला मी गेले. माझे गुडघेही कुरकुरलेच. ठिगळ पहिल्यांदा नीट पाहिलं. चुन्यात बोटं उमटली होती. बारीक, बाईची. तीन. त्यांच्या शेजारी चमच्याचे ओरखडे, त्यांत अजून माझं राखाडी सिमेंट.

"माझी नोरा," शेमस म्हणाला. "गेली त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात लिंपलंय. थापी घे म्हटलं, हातमोजे घाल म्हटलं. ऐकेल तर शपथ."

"तीनच बोटं?"

त्याने भिंतीला तळहात लावला.

"तीन ग्रँड आहेत, मिसेस."