घरच्या लिंकला बाहेरची पाटी

उत्तर मिनेसोटात खासगी गुप्तहेर एकच, तो मी, हार्लन ट्वीटेन. आणखी एक होता, तो माझ्या धसक्याने फ्लोरिडाला गेला. लोक म्हणतात, गुडघे दुखत होते म्हणून गेला. लोकांना काय, काहीतरी कारण लागतंच. माझी नजर अशी की माणूस दारात उभा राहिला की तो बाहेरून आलाय हे मी तत्काळ ओळखतो.

मे महिन्यात मार्लिस हॉगनने मला बोलावलं. नवरा गेल्यापासून ती एकटीच तळ्याकाठी होड्या भाड्याने देते. बर्फ वितळलं होतं, चौदा होड्या रंगवून तयार होत्या आणि वेबसाइटवरून एकही बुकिंग नव्हतं. जूनही असाच गेला तर होड्या विकून मुलीकडे राहायला जाईन, असं तिने कॉफी ओतता ओतता सांगितलं. हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसं.

मी तिची वेबसाइट उघडून ‘होडी बुक करा’वर बोट टेकवलं. लगेच पाटी आली: ‘तुम्ही आमची हद्द सोडून जात आहात. यापुढे तुमचं जे होईल त्याला आम्ही जबाबदार नाही.’

हे वाचल्यावर होडीत कोण बसेल? मीच दोन पावलं मागे सरलो, आणि मी तर स्वयंपाकघरात होतो.

पाटी मार्लिसनेच करून घेतली होती. पण ती हवामान खात्यासारख्या परक्या साइटवर नेणाऱ्या लिंकांसाठी. स्वतःच्याच पानांवर नेणाऱ्या लिंकांना ती दिसायची नव्हती. बुकिंगचं पान तर घरचंच.

मी प्रथम परकीय शक्तीवर संशय घेतला. गावात परका एकच, कॅनडाहून आलेला दंतवैद्य. पण गुन्ह्याच्या वेळी तो माझीच दाढ काढत होता, हे मला कबूल करावं लागलं.

मग पलीकडच्या काठावरचा होडीवाला वर्न कोस्केला. त्याच्या साइटवर मार्लिसच्या साइटची लिंक सापडली. चोराने खणलेलं भुयारच ते! मी भर कॅफेत त्याच्यासमोर जाऊन म्हणालो, “वर्न, तुझी लिंक बोलतेय.” तो समोरची न्याहारी अर्धी टाकून घरी गेला आणि त्याने ती लिंक काढून टाकली.

मी विजयी मुद्रेने परतलो. मार्लिसने डोक्याला हात लावला.

“अरे शहाण्या, त्याच्या होड्या संपल्या की तो गिऱ्हाइकं माझ्याकडे पाठवतो. तीन वर्षं झाली. यंदा चार फोन आले ते त्याच्याचमुळे.”

आता तेही बंद. मी भिंग पुसत बसलो.

तेवढ्यात टपाल वाटणारी बर्नाडेट लाशान्स आली. माझ्या खांद्यावरून डोकावून म्हणाली, “या लिंकमधल्या पत्त्यात पुढे तीन डब्ल्यू आहेत. साइटच्या पत्त्यात नाहीत.”

मार्लिसने तो पत्ता मार्चमध्ये जुन्या छापील कार्डावरून उतरवला होता. तीन डब्ल्यू म्हणजे सांकेतिक खूण, असं मी सुचवलं.

“खूण कसली?” बर्नाडेट म्हणाली. “हिला कुणी ‘श्रीमती हॉगन’ लिहितं, कुणी नुसतं ‘हॉगन’. मी दोन्ही पत्रं एकाच पेटीत टाकते. तुमचं यंत्र नुसती अक्षरं जुळवतं. जुळली नाहीत की घरचा माणूस परका.”

मार्लिसने तीन अक्षरं खोडली. पाटी गेली. जेवणाच्या वेळेपर्यंत दोन बुकिंग आली.

मग ती पुन्हा संगणकापुढे बसली. बुकिंगच्या पानावर तिने वर्नच्या साइटची लिंक टाकली, ‘आमच्या होड्या संपल्या असतील तर’ असं लिहून. आणि ज्या पत्त्यांना पाटी दाखवायची नाही, त्या घरच्या पत्त्यांच्या यादीत त्याचाही पत्ता घातला. मला म्हणाली, माफी मागून ये, आणि हातात रूबार्बच्या, म्हणजे इथल्या आंबट देठांच्या, वड्यांचा डबा दिला.

मी वर्नसमोर माफी मागितली. माझ्या आयुष्यातलं ते सर्वांत छोटं भाषण. त्याने मार्लिसचं पान उघडून स्वतःच्या नावावर बोट ठेवलं. काही आडवं न येता त्याची साइट उघडली.

“काही वाईट नाही,” तो म्हणाला.

आमच्याकडे याहून मोठी स्तुती मी अजून ऐकलेली नाही. मग त्याने डबा उघडला आणि मलाही एक वडी दिली. सगळ्यांत लहान होती ती.